आमी देवमनले बोलतं केलं

शनिवार, पोळ्याची कर. सन १९७५

डाक्टरीन बाईनं सांगितलं, घरातल्या कोन्या एकानं रोज लिहून ठेवा, लेकरानं काय केलं अन् तुमी काय केलं. गोविंदा म्हने मले वावरातून फुरसत नाही. सुनेले अक्षर येत नाही. मंग राह्यली मी. मी दुसरी पास हाय. माहेरी आमचं घर शाळेच्या मागंच होतं. मास्तर खिडकीतून म्हनत, "तुळसे, गाई सोड अन् आत येऊन बस." लगन झालं म्हनून, नाही तं मी आज मास्तरीन राह्यली असती. रिसोडच्या बाजारातून वही आनली. वरतं कमळाचं चित्र हाय. दुकानदार विचारे, बाई, कोनासाठी? म्या म्हनलं, माह्यासाठी. तो पाहतच राह्यला.

कामाचं लिहाव. देवमन म्हनजे माहा नातू, गोविंदाचा पोरगा. पाचवं सरलं. दिसाले असा की नजर लागन. पन बोलत नाही. हाक मारली तं पाहत नाही. विहिरीवरचं चाक फिरताना पाहत दिवस काढते. मनासारखं नाही झालं की किंकाळी फोडते अन् आपलाच हात चावते. देवरुषी झाले, गंडे झाले, पोहरादेवीले नवस झाला. शेवटी कोनी सांगितलं, अकोल्याच्या दवाखान्यात नागपूरची डाक्टरीन बाई येते, ती अशा लेकरायले शिकवते. मी, गोविंदा, सून भागिरथा अन् पोरगं, चौघं गेलो.

बाई बारीकशी, चष्मेवाली, लगन न झालेली. पन बोलनं गोड. मले म्हने, "आजी, याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते शोधा. यानं आवाज काढला, बोलायचा प्रयत्न केला, की लगेच ते त्याला द्या. ओरडला, हात चावला, तर मारू नका, रागावू नका, तिकडं लक्ष देऊ नका. आणि घरातल्या सगळ्यांनी सारखंच वागायचं. एक देतो आणि एक अडवतो, असं नको."

म्या म्हनलं, "बाई, माह्या घरात माह्या शब्दाबाहेर मांजर जात नाही."

ते हसली. "मग तुमचा नातू बोलेल," म्हने.

येताना यष्टीत गोविंदा म्हनला, "माय, वैशाखातल्या अखाजीच्या सनापर्यंत पाह्यतो. बोललं तं ठीक. नाही तं मी दुसरी करतो. माहं वावर काय वेड्याच्या नावानं करू?" भागिरथा समोरच्या बाकड्यावर बसेल होती, पोरगं तिच्या मांडीवर. तिनं मान नाही वळवली. पन ऐकलं तिनं. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

मी मनात म्हनलं, बोलवीनच. नातू बी सुधरन, सुनेचा संसार बी राहीन. एका दगडानं दोन आंबे.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी

गूळ दाखवला, शेंगदाने दाखवले, फुटाने, बत्तासे. घेते अन् खाते. नाही दिलं तं नाही मागत. असं लेकरू म्या जल्मात नाही पाह्यलं. गोविंदा लहानपनी गुळासाठी माह्या पदराले दात लावे.

लक्ष न द्यायचं मातर आमी पक्कं शिकलो. देवमन किंचाळला की समदे भिताडाकडे तोंड करतो. मी, गोविंदा, भागिरथा. आज गोजराबाई शेजारीन विरजन मागाले आली. पाहते तं तिघं भिताडाकडे तोंड करून बसेल अन् पोट्टं मधात लोळून राह्यलं.

"काय वो तुळसाबाई," म्हने, "घरात गिऱ्हान लागलं काय? का भिताडात सिनेमा दिसून राह्यला?"

"शास्तर हाय ते. अकोल्याचं."

"हो काय माय! आमच्या लेकरायले तं आमी चापट देतो. अकोलं दूर पडते."

तिले काय समजते. तिच्या विरजनाले बी पानी सुटते.

सुनेचं मातर जमत नाही. भिताडाकडे तोंड करते, पन पाठ हालते. आज देवमननं हाताले रगत काढलं तं ते उठालेच गेली. म्या तिची हनुवटी धरली अन् भिताडाकडे फिरवली. म्हनलं, "एक देते अन् एक अडवते असं नको, बाईनं सांगितलं ना?" ते म्हने, "आत्याबाई, तो माह्याकडे पाहून राह्यला." म्या म्हनलं, "पाहू दे. पाह्यल्यानं रगत थांबत नाही."

रगत आपोआप थांबलं. म्हनजे शास्तर खरं हाय.

रविवार, नवरात्र बसलं

आज मले सापडलं! घाईत अक्षर वाकडं आलं तं येऊ दे.

आमची म्हैस भल्ली नखरेल. गोविंदा बसला तरी एक धार देत नाही. पयले पारडू सोडाव लागते. पारड्यानं ढुशी मारली, चुरूचुरू ओढलं, की तिले पान्हा फुटते. मंग पारडू ओढून खुट्याले बांधाव अन् बादली लावाव. पारडू ओरडते, म्हैस पाहते, अन् दूध येतच राह्यते. पारडू पुरं पाजलं तं आपल्याले काय भेटनार? अन् पाजलंच नाही तं म्हैस आटन. बांधनं अन् सोडनं, त्यातच समदी हुशारी हाय. माह्या सासूनं मले शिकवलं.

आज धार काढता काढता मी पाहून राह्यली. देवमन ओट्यावर भागिरथेच्या पाठीले चिकटून उभा, तिच्या केसात तोंड खुपसून. रोजच असते तसा. अन् माह्या डोक्यात एकदम उजेड पडला. गूळ नाही, दाने नाही, त्याले सगळ्यात जास्त आवडते ते त्याची माय! अन् ते तं आमी दिवसभर फुकट देऊन राह्यलो! मंग कायले बोलन तो?

गोविंदाले सांगितलं तं त्यानं मांडीवर थाप मारली. "माय, तू तं डाक्टरीनची माय निंघाली."

आजपासून सुरू. भागिरथा आतल्या खोलीत, बाहेरून कडी. देवमन दाराशी उभा. पयले दार खरवडलं. मंग किंचाळला, आमी भिताडाकडे. मंग दमला, बसला. तिसऱ्या पहरी "आ" असा बारीक आवाज काढला अन् म्या झटकन कडी काढली! लगेच, बाईनं सांगितलं तसं. तो असा घुसला तिच्या अंगात की दोघं पडले. माहं पान चघळून होईस्तोवर ठेवलं, मंग परत वेगळं केलं. तवा किंचाळला. पन खुट्याचं पारडू बी ओरडतेच.

रात्री तो माह्याजवळ झोपला. झोपला म्हनजे पडला.

दसरा

सोनं लुटायच्या दिवशी माह्या घरी खरं सोनं!

भागिरथा म्हने, पयले "माय" शिकवू, तोंडाले सोपं हाय. म्या म्हनलं, "माय तं त्याले बक्षीस भेटनारच हाय. जो देते त्याचं नाव पयले आलं पाह्यजे." म्हनून "आजी" धरलं. आठ-नऊ दिवस कडीवर हात ठेवून बसली मी. "आ" ले आता काढत नव्हती. आवाज वाढल्याशिवाय कडी नाही. दारामागून भागिरथा म्हने, "म्हन रे देवा. म्हन माह्या राजा. आजी म्हन. आजी म्हनलं की मी येतो." तिचाच आवाज कसातरी येत होता, बसेल होता.

आज सकाऊन, आपट्याची पानं काढून राह्यली होती मी, अन् दाराशी उभं राहून तो म्हनला, "आजी."

साफ! कोन म्हनन मुका! म्या हातातली पानं टाकून त्याच्यावरून बोटं मोडली. बाहेर पळत गेली, गोजराबाईले ओरडून सांगितलं. शिरा केला. कडी काढाची रायलीच गडबडीत. मंग गोजराबाई म्हने, "बाई, पोट्टं दार डोक्यानं ठोकून राह्यलं, सुनेले तं काढ." काढली. दोघायले आज जेवन होईस्तोवर एकत्र ठेवलं. सन होता.

लक्ष्मीपूजन, सोमवार

आता शब्द असे येऊन राह्यले की जशी मातीतून वाळवीची पाखरं निंघतात पावसात. "आजी", "पानी", "दे", "राम राम". राम राम गोविंदानं शिकवलं, पाव्हन्यासमोर म्हनाले. एकेका शब्दाले एकेक वेळ माय. मी आता पान बारीक खातो.

भागिरथा वाळली. खोलीत बसून काय वाळाव? कामं बी नाही तिले, दिवसभर समदं मीच करतो. जेवत नाही. म्या रागावलं तं म्हने, "आत्याबाई, आज दिवाळी हाय. आज न बोलता घेऊ द्या त्याले. एकदाच."

खरं लिहाव तं माहं मन कसंतरी झालं. गोविंदा लहान होता तवा मी बी त्याले... पन जाऊ दे. एकदा न बोलता भेटलं तं मंग तो कायले बोलन? आतालोक केलं ते समदं पान्यात. म्हनलं, "बाई, तुह्याच संसारासाठी करून राह्यली मी. अखाजी पाह्य."

मंग ते दारामागं बसली अन् त्याले बोलाले सांगू लागली, "म्हन देवा, राम राम म्हन." आता ते बी शिकली.

एक गोष्ट. देवमन आता तिच्या मांडीवर जाते तं चिकटत नाही पयलेसारखा. बसल्या बसल्या बडबडते, "आजी पानी दे राम राम, आजी पानी दे राम राम," सारखं, अन् डोळे माह्यावर, पान सरलं काय ते पाहाले. किती हुशार!

कार्तिक पुनवेनंतर, अकोल्याहून आल्यावर

अकोल्याले मी, गोविंदा अन् देवमन. भागिरथेले घरी ठेवली. ते असली तं तो तिच्यापाशी जाईन अन् बाईसमोर बोलनार नाही.

बाईसमोर पोरानं समदं म्हनून दाखवलं! म्या कानात सांगितलं होतं, बोललास तं घरी गेल्यावर माय. तिनं टाळ्या वाजवल्या. "आजी, तुम्ही तर कमाल केली," म्हने. वही मागितली. म्या म्हनलं, घरी राह्यली बाई. खरं म्हनजे पिशवीतच होती. माहं अक्षर पाहून हसली असती अन् शिऱ्याचं, विरजनाचं बी लिहेल हाय.

मंग पोराचा हात धरून पाह्यला. चावल्याचे वळ होते. "हे वाढलंय," म्हने. "याची आई कुठंय?"

"वावरात. कापूस फुटला."

"पुढच्या वेळी आईला आणा. आईशिवाय येऊ नका. आणि आजी, खाऊ थोडा मागं ठेवला तर चालतो. पण जेवण, झोप आणि आई, ही बक्षिसं नसतात. ती मुलाला तशीच मिळाली पाहिजेत."

म्या मान हालवली. बाहेर आल्यावर गोविंदा म्हनला, "इले कसं समजलं?" म्या म्हनलं, "तिले काय समजते? ना नवरा, ना लेकरू, ना म्हैस."

संक्रांत, बुधवार

महिना झाला, नवा शब्द नाही. तेच ते म्हनते. मी विचार केला, काहून? तं बक्षीस सस्तं झालं! दिवसातून पाचदा भेटते ते माय, तिचं काय अप्रूप? बाजारात बी जे रोज येते त्याले भाव नाही.

म्हनून ठरवलं, भागिरथा माहेरी जाईन. तिचा भाऊ नानाजी मानोऱ्याकडे राह्यते, गरीब मानूस, पन एक तोंड जड नाही. अन् देवमन जवा पुरं वाक्य बोलन, "माय घरी ये", तवा गोविंदा जाऊन तिले आनन. आमच्यात लेक माहेरी गेली की सासरचा मानूस घ्याले गेल्याशिवाय परत येत नाही. आपल्या पायानं आली तं दोन्ही घरची इज्जत जाते. म्हनून लेकीले घ्याले जायचं असते, म्हनजे तिचा मान राह्यते.

गोविंदा लगेच हो म्हनला. यष्टीचं तिकीट बी त्यानं आपनच काढून आनलं. कधी नव्हे ते.

निंघताना ते माह्या पाया पडली. "आत्याबाई, 'माय घरी ये' एवढंच ना?"

"एवढंच."

"अन् म्हनलं की त्याच दिवशी घ्याले येतीन ना?"

"लगेच. बाईनंच सांगितलं हाय, लगेच द्याचं."

मंग ते देवमनसमोर बसली. त्याले हात नाही लावला, म्या पाहून राह्यली होती. तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊन हळू हळू म्हने, "माय. घरी. ये. पाह्य माह्या ओठाकडे. माय. घरी. ये." यष्टीचा भोंगा वाजेस्तोवर म्हनत राह्यली. गोविंदानं दंडाले धरून उठवलं.

देवमन रडला नाही. म्या गोजराबाईले म्हनलं, पाह्य, केवढा सुधरला. ते म्हने, "हो, भिताडासारखा झाला." तिची जीभ तशीच.

माघ. वार आठवत नाही

बोलला! बोलला! दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून, रस्त्याकडे पाहून, "माय घरी ये." माह्या कानानं ऐकलं. गोविंदानं ऐकलं, गड्यानं ऐकलं. मुक्याच्या तोंडून पुरं वाक्य, तीन शब्द! म्या त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला. त्यानं थुंकून टाकला अन् परत म्हने, "माय घरी ये."

गोविंदाले म्हनलं, "जाय, उद्या पयल्या गाडीनं भागिरथेले आन."

तो म्हने, "पाह्यतो. हरबरा सोंगाचा हाय."

तीन दिवस पोरगं तेच म्हनून राह्यलं. सकाऊन उठते, दाराशी जाते, म्हनते. मंग बसते. मंग उठून म्हनते. माहं मन भरून येते ऐकून.

चार दिवसानंतर

गोविंदाले परत सांगितलं. शब्द देल होता म्हनलं. तो म्हने, "माय, पोरगं बोललं ना?"

"बोललं."

"मंग आता तिची गरज काय? बक्षीस बोलवासाठी असते. बोलल्यावर कशाले?"

विचार केला तं गोष्ट बरोबर हाय. दूध निंघालं की पारड्याले कोन ओरपू देते?

तरी म्या म्हनलं, अखाजीपर्यंत पाह्यतो म्हनला होतास. तो म्हने, "पोरगं बोललं तं ठीक, असं म्हनलं होतं. तिले ठेवीन असं नाही म्हनलं." लहानपनापासून असाच, बोलन्यात कोनाले ऐकत नाही. माह्यावर गेला.

देवमन आज दाराशी गेला नाही.

होळी

देवमन बोलत नाही. एक बी शब्द नाही. "आजी" बी नाही. गूळ दाखवला, रागावली, लाडानं घेतलं. चाकाकडे बी पाहत नाही. हात चावते मातर.

दुसरीकडे आनंदाची गोष्ट. गोविंदाची सोयरीक ठरली. पोरगी ललिता, रिसोडच्या बाजूची, बापाले दोन विहिरी. मले म्हने, "मामी, मी समदं करीन, तुमी बसा." माह्या घरी कोन मले बसा म्हनलं होतं? पाडव्याले लगन लावू. जास्त गाजावाजा नाही. नानाजीले कळवायचं काय? कळनच त्याले. वाऱ्याले कोन सांगते.

पाडव्यानंतरचा शुक्रवार

ललिता आली. हात चालते भल्ला. भाकर पातळ, अन् मले आधी वाढते.

देवमनसाठी एक उपाव केला. म्हशीचं पारडू मेलं की आमी त्याच्या कातड्यात भुसा भरून उभं करतो. म्हैस त्याले चाटते अन् दूध देते. जनावर असूनबी फसते. भागिरथेचं एक हिरवं लुगडं खुटीवर होतं, धुतलं नव्हतं, तिचा वास होता त्याले. ललितेले म्हनलं, हे नेस अन् पाठमोरी बस. ते लाजली, पन नेसली. देवमनले सोडलं.

तो धावत आला. किती महिन्यानं धावला! पाठीले चिकटला, केसात तोंड खुपसलं. अन् म्हनला, "माय घरी ये. आजी. पानी दे." माह्या डोळ्याले पानी आलं, म्हनलं जमलं!

तेवढ्यात ललिता वळली.

तिच्या खांद्याचा लचका तोडला त्यानं. हळद भरली, पट्टी बांधली. गोविंदानं पोराले गोठ्यात नेलं अन् पट्ट्यानं मारलं. म्या म्हनलं, "अरे, बाईनं मारू नको सांगितलं." तो म्हने, "बाईले कोन चावलं?"

आता देवमन गोठ्यातच झोपते. ललिता भेते त्याले. उब असते तिथं, म्हैस जवळ. मी दोनदा जाऊन पाहतो.

अखाजीच्या आधी. दुपार

हे लिहू का नको असं झालं. पन बाईनं म्हनलं होतं, काय केलं ते समदं लिहा.

दुपारी आंगनात चिंचा फोडत होती. रस्त्यापलीकडे लिंबाखाली कोनी बाई उभी. मले वाटलं भिकारीन. मंग पाह्यलं तं भागिरथा. आपल्या पायानं आलेली. कोनी घ्याले गेलं नाही, म्हनून उंबऱ्याकडे पाऊल टाकलं नाही तिनं, रस्त्याच्या तिकडेच. एवढी अक्कल होती तिले.

देवमन गोठ्याच्या दारात बसेल. दोघायची नजर भेटली.

म्या मनात म्हनलं, आता बोलन! आता पाह्य कसा बोलते! समदे शब्द तिच्यासाठीच तं शिकला. जीव मुठीत धरून बसली मी.

पन त्यानं तोंड उघडलं अन् किंकाळी फोडली. शब्द नाही, अक्षर नाही. जमिनीवर पडला, हात दाताखाली. पयल्या दिवसासारखा. अकोल्याले जायच्या आधी होता तसा.

भागिरथेनं एक पाय रस्त्यात टाकला.

म्या हात वर केला. मोठ्यानं म्हनलं, "भागिरथे! ओरडून राह्यला तो! आता गेलीस तं ओरडन्यालेच बक्षीस होईन! शब्द काढू दे, मंग ये!"

ते थांबली. माह्याकडे पाह्यलं, त्याच्याकडे पाह्यलं. तिचे ओठ हालत होते, "म्हन देवा, म्हन," असं काहीतरी. तो किंचाळतच होता. म्या चिंचा ठेवल्या अन् भिताडाकडे तोंड केलं, तिले आठवावं म्हनून.

मानेवरून हळूच पाह्यलं तं तिनं बी पाठ फिरवेल. लिंबाकडे तोंड. अन् या खेपेले पाठ हालत नव्हती, अगदी सरळ! तशी किती वेळ उभी राह्यली कोनास ठाऊक. देवमनचा आवाज बसला, मंग बंद झाला. शब्द काही आला नाही. तवा ते तशीच, न वळता, यष्टीच्या रस्त्यानं चालाले लागली.

मले तिचा अभिमान वाटला, खरंच. शिकली शेवटी. घरात समद्यायनं सारखं वागाव, बाई म्हनली होती, ते आज पुरं झालं.

अखाजी. रविवार

सकाऊन पितरायची घागर भरली, पुरनपोळी झाली. मानोऱ्याकडून कोनीतरी सांगत आलं, भागिरथा नानाजीकडे परत पोचलीच नाही. कुठं गेली, कोनाले माहीत नाही. बायका विहिरीवर काय काय बोलून राह्यल्या. मी कान दिला नाही, सनाचा दिवस.

लिहाचं ते हे, की देवमन बोलाले लागला! रात्रीपासूनच. गोठ्यातून उठून रस्त्याच्या कडेले लिंबाखाली जाऊन बसला, अन् सुरू. "माय घरी ये. आजी. पानी. दे. राम राम. माय घरी ये. आजी." एक सरला की दुसरा. असा साफ, जसा पाढा. आता तं नवीन बी जोडते, कोनी न शिकवता. "म्हन देवा." "म्हन राजा." समदं येते त्याले, काहीच विसरला नव्हता!

जेवाले ये म्हनलं तं येत नाही. पोळी तिथंच ठेवली, मुंग्या लागल्या. गोविंदाचे सोयरे जेवाले आलेत, त्यायनं ओट्यावरून ऐकलं. ललितेचा बाप म्हने, "पोरगं तं शहानं हाय की!" गोविंदाची मान ताठ झाली. गोजराबाई मातर तोंडावर पदर घेऊन घरात गेली अन् दार लावलं. जळते ते.

आवाज बसत चालला त्याचा, पन थांबत नाही. मी कडेले जाऊन बसली होती घडीभर ऐकत. माह्याकडे पाह्यलं बी नाही, रस्त्याकडेच डोळे. कवा अकोल्याले जातो अन् बाईले सांगतो असं झालं मले. सांगीन, बाई, आता गूळ नको, दाने नको, माय नको. कोनी काही देत नाही, तरी बोलते.